चौथा रविवार

चर्चच्या उद्याच्या सभेत कोण काय बोलणार हे ठरवायला शनिवारी दुपारी सगळे पंढरीनाथांच्या इचिकावा गावातल्या घरी जमले, आणि पहिला तासभर सभेचं नावही कोणी काढलं नाही. त्यांच्या धाकट्या भावाने, जयप्रकाशकाकांनी, एदोगावाहून येताना गाडी कशी अकरा मिनिटं थांबली ते सांगितलं. अनुराधाकाकूंनी गुडघ्याच्या डॉक्टरची नक्कल करून दाखवली. कावासाकीहून आलेली कश्मिरा सोफ्याच्या हातावर बसून ऑफिसच्या मेसेजांना उत्तरं देत होती. मग काकांनी कप खाली ठेवला आणि मांडीवर थाप मारली.

"चला, मुद्द्याचं बोलू. तो तक्ता दाखव गं."

कश्मिराने फोन पुढे केला. गेल्या रविवारी इथल्या जपानी चर्चच्या फलकावर फेब्रुवारीपासूनच्या कार्यक्रमांचा तक्ता लागला होता, त्याचा तिने फोटो काढला होता. राखेचा बुधवार, ईस्टरची अंडी रंगवणं, मे महिन्यात कबरस्तानातली प्रार्थना, ऑक्टोबरचा बाजार, नोव्हेंबरात लहान मुलांना आशीर्वाद. सगळं दरवर्षीचं. फक्त चौथ्या रविवारी दुपारी तीन वाजता, जिथे तीस वर्षं 'मराठी उपासना' असं छापलेलं असे, तिथे आता होतं 'मुलांचं जेवण'. आईबाप कामावर असलेल्या मुलांना एकत्र बसवून गरम आमटीभात घालायचा उपक्रम. असं जेवण आता बऱ्याच चर्चमध्ये सुरू झालं होतं. दोनपासून हॉल लागणार, स्वयंपाकघर लागणार.

"मुलांच्या जेवणाला माझी ना नाही," काका म्हणाले. "पण माणसाला विचारायची काही रीत असते. तीस वर्षं दादा ती उपासना चालवतोय, आणि हे लोक परस्पर ओळ खोडतात?"

"बाजारात आपले समोसे तासाभरात संपतात, ते चालतं," काकू म्हणाल्या. "मराठी चालत नाही."

"समोसे वहिनी करते, काकू. तुम्ही फक्त खपवता," कश्मिरा म्हणाली.

"खपवायला तोंड लागतं, बाई."

"ते आहे तुमच्याकडे."

काकू हसल्या. भांडणातही त्यांना दाद द्यायला आवडायचं. ओट्यापाशी उभी असलेली चैत्राली, कश्मिराची वहिनी, हसली नाही. तिने दुसऱ्यांदा चहा टाकला आणि पाठमोरीच राहिली.

भिंगारदिव्यांच्या घरात पाठमोरं राहण्याची कला ती पंधरा वर्षांत शिकली होती. सासूबाई सुचेता असेपर्यंत तिची फार गरज पडे. लग्नाआधी बाप्तिस्मा घेतलेली ही पुण्याची मुलगी गाणी बरोबर म्हणते की नुसते ओठ हलवते, हे बघायला सुचेताबाई पेटीवरून मान वळवीत. तीन वर्षांपूर्वी त्या गेल्या. पेटी कपाटात गेली आणि बाकीचं सगळं चैत्रालीकडे आलं. चौथ्या रविवारी पोहे करायचे, थर्मासात चहा भरायचा आणि चाळीस खुर्च्या मांडायच्या. एकेकाळी खरंच चाळीस माणसं येत, योकोहामापासूनची. त्यांत निम्मी हिंदूच असत. ती दोन तास मराठी कानावर पडावं म्हणून आणि पोह्यांसाठी येत, आणि सुचेताबाईंना त्याचं काही वाटत नसे. आता येत सहा. ते सहाही घरचेच. पण खुर्च्या चाळीसच मांडायच्या, असं पपांचं, म्हणजे सासरे पंढरीनाथांचं, म्हणणं. ती मांडायची, आणि पाचला चौतीस रिकाम्या खुर्च्या पुन्हा मिटवायची.

नोव्हेंबरात अशाच एका संध्याकाळी मिझुनो-सान तिच्या शेजारी येऊन कप पुसू लागल्या होत्या. मिझुनो-सान म्हणजे चर्चच्या कारभारी बाई, ऐंशीच्या पुढच्या, हरणासारख्या बुजऱ्या. मुलांच्या जेवणाचा विचार चालला आहे, चौथा रविवार तेवढा सोयीचा पडतो, आपल्याला काय वाटतं, असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की नळ बंद करावा लागला. चैत्रालीला त्यांचं म्हणणं नीट कळलं होतं. या देशात सभेत काहीच ठरत नाही, हेही तिला ठाऊक होतं. ठरतं ते आधी, असं एकेकाला बाजूला घेऊन. सभेत ते फक्त वाचून दाखवतात. हे सगळं ठाऊक असूनच ती म्हणाली होती, "माझी काही हरकत नाही. खरं सांगायचं तर बरंच होईल. महिन्यातला एक रविवार तरी माझा असावा."

मिझुनो-सान वाकून नमस्कार करून गेल्या. चैत्रालीने घरी कोणाला काही सांगितलं नाही. आणि आता दिवाणखान्यात तिच्याच 'हो'विरुद्ध भाषण लिहिलं जात होतं.

"क्षितिज, तू उभा राहायचंस," काका सांगत होते. "तुझं जपानी सगळ्यांत चांगलं. सातवा मुद्दा आला की उभा राहा. नम्रपणे, पण कडक."

"नम्रपणे पण कडक म्हणजे कसं, काका?"

"म्हणजे तुझा बाप बोलतो त्याच्या उलट."

क्षितिज लॅपटॉपवर टाइप करत होता, खोडत होता. चैत्रालीला नवऱ्याचं नवल वाटलं. अठरा वर्षं जपानी कंपनीत काढलेल्या माणसाला ऐन सभेत भाषण करून काय होतं ते कळत नसेल? तरी तो लिहीत होता, तिच्याकडे न बघता.

खिडकीजवळ पंढरीनाथ संत्रं सोलत होते. विद्यापीठात पस्तीस वर्षं मातीच्या भट्ट्यांवर संशोधन केलेला माणूस. फोडीवरची पांढरी शीर न शीर काढल्याशिवाय त्यांना ती तोंडात घालवत नसे. ज्यांच्यासाठी ही बैठक भरली होती ते सकाळपासून चार वाक्यं बोलले असतील.

"दादा, तू तरी काही बोल," काका म्हणाले.

पंढरीनाथांनी हात पुसले. सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, जरा जास्तच वेळ.

"भाषण वगैरे ठीक आहे," ते म्हणाले. "पण कोणाला काही सांगायचं असेल तर ते आज इथे सांगा. घरात. उद्या तिथे नको."

क्षितिजची बोटं थांबली. काकूंनी बांगडी वर सरकवली. कश्मिराने फोन उलटा ठेवला. चैत्रालीच्या मनात आलं, आता बोलावं. गॅस बंद करून वळावं आणि एका दमात सांगून टाकावं. पण तेवढ्यात काका म्हणाले, "सांगायचं काय आणखी? आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत," आणि सगळ्यांनी माना हलवल्या. चैत्रालीनेही हलवली.

"बरं," पंढरीनाथ म्हणाले, आणि दुसरं संत्रं घेतलं.

रविवारी सकाळची उपासना आटपून माणसं हॉलमध्ये आली. तेवीसजण होते. या चर्चमध्ये साठीतली माणसं तरुण मंडळात मोडत. उबेसाठी रॉकेलचा स्टोव्ह मध्ये ठेवला होता, प्रत्येकापुढे हिरवा चहा आणि एकेक तांदळाची चकती. पाद्रींकडे दोन चर्च होती. त्यांना दीडची गाडी गाठायची होती, म्हणून ते मुद्दे भराभर वाचत होते. छताची गळती. ऑर्गनची दुरुस्ती. वेदीवरच्या फुलांची पाळी. दर मुद्द्यानंतर ते मान वर करत, सगळे हात वर करत, आणि पान उलटे.

"सात. नव्या वर्षाचे कार्यक्रम. चौथ्या रविवारी मुलांचं जेवण. यासाठी भिंगारदिवे कुटुंबाने समजूतदारपणे जागा मोकळी करून दिली, त्यांचे आपण मनापासून आभार मानू या."

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्या मागे वळून वाकल्या.

काकांनी क्षितिजला कोपराने ढोसलं. क्षितिज खिशातल्या कागदावर हात ठेवून बसून राहिला. काकांनी पुन्हा ढोसलं. मग ते स्वतःच उभे राहिले.

"माफ करा," ते त्यांच्या दुकानदारी जपानीत म्हणाले, "आभार कसले मानता? आम्हाला कोणी विचारलं? तीस वर्षं इथे आमची उपासना होते. माझ्या भावाने सुरू केली. एका शब्दाने तरी कोणी विचारलं का?"

 पाद्रींनी मिझुनो-सानकडे पाहिलं. मिझुनो-सानचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला होता. भर सभेत त्यांच्याकडे बोट दाखवण्याची वेळ उभ्या आयुष्यात कोणावर आली नसावी. त्या खुर्चीला धरून उठल्या आणि पिशवीतून एक लहान वही काढली.

"मी विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "फार अपुरं विचारलं असेन. त्याबद्दल क्षमा करा." आणि आपण कामात कसूर केली नाही एवढंच दाखवण्यासाठी त्या वाचू लागल्या. "नोव्हेंबरचा चौथा रविवार, चैत्राली-सान, स्वयंपाकघरात."

चैत्रालीने डोळे मिटले. आपल्यापुढची चकती हातात घेऊन तिचे दोन तुकडे करावेत असं काहीतरी तिला वाटलं. आता कश्मिरा वळून बघेल. आता क्षितिज.

"त्यानंतरचा रविवार, कश्मिरा-सान, स्टेशनच्या फलाटावर."

चैत्रालीने डोळे उघडले.

"डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी क्षितिज-सान, सायकली लावतात तिथे. अनुराधा-सान, फोनवर, मुलांच्या नाटकाच्या आदल्या दिवशी." त्यांनी पान उलटलं. बोट ओळीवर ठेवलं. "आणि नाताळच्या संध्याकाळी, गाण्यांच्या आधी, जयप्रकाश-सान."

काका उभेच होते. त्यांना बसायचंही सुचेना. बाकीची जपानी माणसं आपापल्या कपात बघत होती, कोणी काही ऐकलंच नाही अशा बेताने. तो सभ्यपणा चैत्रालीच्या अंगावर शेकोटीच्या झळेसारखा आला. आणि तरी, लाजेच्या तळाशी, तिला हायसं वाटत होतं. ती एकटी नव्हती. त्या हायसं वाटण्याचीच पुढे तिला जास्त लाज वाटली.

पंढरीनाथ सावकाश उठले. मिझुनो-सानकडे वळून कमरेतून वाकले, बराच वेळ.

"आपण अगदी नीट विचारलंत," ते म्हणाले. "माझ्या भावाचा गैरसमज झाला. मुद्दा मान्य आहे."

हात वर झाले. पंढरीनाथांनीही वर केला. पाद्रींनी पान उलटलं. आठ. झाडांची छाटणी.

कप धुवायची पाळी त्या दिवशी भिंगारदिव्यांचीच होती. नाहीतर कदाचित ते पाचही पाच दिशांना गेले असते. मिझुनो-सान मदतीला आल्या होत्या. कपाळाला आठ्या न घालता भांडायचं, हे त्यांच्यामुळे सगळ्यांना करावं लागलं. मराठी त्यांना कळत नव्हतं. पण चेहरे कळले असते.

"मी हो म्हणालो नव्हतो," काका फडकं पिळत हळू आवाजात म्हणाले. "मी म्हटलं, बाकी सगळ्यांना चालत असेल तर मला चालेल. याला हो म्हणत नाहीत."

"मीही तेच म्हटलं," कश्मिरा म्हणाली.

"मीही," क्षितिज म्हणाला.

"मग काल ते भाषण कसलं लिहीत होतास?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून, काका. तुम्ही कसलं लिहवून घेत होतात?"

काकूंनी कप जरा जोरात ठेवला. "मला सांगा, पहिली कोण? पहिलीने नको म्हटलं असतं तर पुढे कोणाला विचारायची वेळच आली नसती. आम्हाला वाटलं, घरातल्या सुनेलाच चालतंय, जी सगळं करते तिला, तर आपण कशाला मोडता घाला." मग चैत्रालीकडे न बघता, "तुझं काय जातं म्हणा. तुझं कुठं लहानपण गेलंय त्या गाण्यांत."

"नाही गेलं," चैत्राली म्हणाली. "म्हणूनच मी 'सगळ्यांना चालत असेल तर' असं म्हटलं नाही. मी सरळ हो म्हटलं. तुम्हाला तेवढंही जमलं नाही."

"वहिनी," कश्मिरा म्हणाली, "आता हे नको." सकाळपर्यंत ती वहिनीच्या बाजूची होती. आता ती काकूंच्या शेजारी सरकून कप विसळू लागली.

"मला तरी सांगायचंस," क्षितिज म्हणाला.

"तू मला सांगितलंस?"

"काल दादाने विचारलं," काका म्हणाले, "तेव्हा तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"तुमच्या तोंडाला जे झालं होतं तेच."

दारात पंढरीनाथ उभे होते. कधीपासून, कोणास ठाऊक. हातात गाण्यांच्या पुस्तकांची चळत होती. मिझुनो-साननी त्यांना पाहून हातातलं फडकं ठेवलं, आणि काय समजायचं ते समजून बाहेर निघून गेल्या.

"चैत्रालीला काही बोलू नका," पंढरीनाथ म्हणाले. "मिझुनो-सान सगळ्यांत आधी माझ्याकडे आल्या होत्या. ऑक्टोबरात. मी म्हटलं, माझं मत धरू नका, मी म्हातारा झालो. घरच्या पाचजणांना वेगवेगळं विचारा. एकाने जरी नको म्हटलं, तरी राहू द्या."

"त्यांनी मला हे सांगितलं नाही," क्षितिज म्हणाला.

"मीच नको म्हटलं होतं. सांगितलं असतं तर कोणीतरी माझ्यासाठी नको म्हणालं असतं. माझ्यासाठी येता, ते मला दिसतच होतं. तीन वर्षं दिसतंय. मला बघायचं होतं, माझ्यावाचून कोणाला ती हवी आहे का."

"म्हणजे तू आमची परीक्षा घेतलीस, दादा," काका म्हणाले. आवाजात राग आणायचा त्यांनी प्रयत्न केला. "सख्ख्या भावाची."

"परीक्षा कसली रे. मला आपलं वाटलं होतं, एक तरी निघेल." त्यांनी पुस्तकं ओट्यावर ठेवली, कडा सारख्या केल्या. "दर आठवड्याला मिझुनो-सान येऊन सांगायच्या. चैत्राली हो म्हणाली. कश्मिरा हो म्हणाली. मी नाताळपर्यंत धरून होतो. म्हटलं, जयप्रकाश आहे अजून."

काका खिडकीबाहेर बघू लागले.

"आणि काल तुम्ही सगळे मिळून ते भाषण लिहायला लागलात," पंढरीनाथ म्हणाले, "तेव्हा घटकाभर मला खरंच वाटलं, की मिझुनो-सानच काहीतरी चुकल्या असतील. तुम्ही नको म्हटलं असेल आणि त्यांनी उलटं ऐकलं असेल. म्हणून विचारलं तुम्हाला. काल बोलला असतात, तर आज सभेआधी मी त्यांना गाठून सांगितलं असतं."

 नळ थेंबथेंब गळत होता, तो कश्मिराने बंद केला.

काका-काकू निघाले. काकूंचा गुडघा दुखू लागला होता. कश्मिराला अडीचला कॉल होता, रविवारी कसला कॉल ते कोणी विचारलं नाही. "यांना स्टेशनवर सोडून येतो," क्षितिज म्हणाला. स्टेशन सहा मिनिटांवर होतं आणि तिघांनाही रस्ता माहीत होता. जाताना काकू चैत्रालीशी बोलल्या नाहीत, पण कश्मिराच्या खांद्यावर हात ठेवून गेल्या. पुढच्या ईस्टरला कोण कोणाच्या घरी जेवणार हे त्या हातावरून कळत होतं.

चैत्रालीने हात पुसले आणि कोपऱ्यातल्या खुर्च्यांकडे गेली. आज चौथा रविवारच होता. जुन्या तक्त्यातला शेवटचा.

"राहू दे," पंढरीनाथ म्हणाले. "एक पुरे आज. ती मी आणतो."

"मी थांबते, पपा."

"तू जा." आवाज नेहमीचाच होता, मऊ. चिडले असते तर तिला सोसलं असतं. "मिझुनो-सान फार प्रामाणिक बाई. जे ऐकलं ते शब्दशः सांगतात. महिन्यातला एक रविवार तरी माझा असावा, असं म्हणालीस ना. बरोबर आहे तुझं. पंधरा वर्षांत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. सुचेताच्याही." त्यांनी एक खुर्ची उचलली. "आजपासूनच धर. मी लावतो इथलं कुलूप."

"पपा, मला तसं—"

"जा, चैत्राली."

तिने कोट घातला. दारात बसून, आत येताना काढून ठेवलेले बूट चढवले, लांब बूट, दोन्हींच्या नाड्या वरपर्यंत ओढून बांधाव्या लागत. तीन वाजायला दहा मिनिटं होती. बाहेर कोरडं, स्वच्छ ऊन होतं. सगळी दुपार मोकळी होती, आणि तिला कुठे जावं ते सुचेना. क्षितिज परत आला नव्हता. येणार नव्हता.

फाटकापर्यंत जाऊन ती परतली, मुख्य दाराच्या पायरीवर उभी राहिली. दार जरासं उघडं होतं. आतून आवाज आला. त्यांनी वेळेवर सुरुवात केली होती.

मराठी उपासनेत सुरुवातीला पुढारी एक ओळ म्हणतो आणि मंडळी तिचं उत्तर देते. मग पुढची ओळ, पुढचं उत्तर. पंढरीनाथांनी पहिली ओळ म्हटली आणि ते थांबले. उत्तर म्हणायला जेवढा वेळ लागतो, बरोबर तेवढा वेळ. मग दुसरी ओळ म्हटली. पुन्हा थांबले. उत्तर ते स्वतः म्हणत नव्हते. जागा तेवढी सोडत होते.

उत्तरं चैत्रालीला पाठ होती. सुचेताबाई मान वळवून बघत, त्या धाकाने पाठ झालेली, झोपेतही म्हणता आली असती अशी. तिसरी ओळ झाली. आतली ती शांतता सुरू झाली. चैत्रालीने दारावर हात ठेवला आणि खाली पाहिलं.

बुटांच्या नाड्या बांधून झाल्या होत्या. आत जायचं तर त्या पुन्हा सोडाव्या लागल्या असत्या.